मले काय धाड भरली?

विशीतल्या पोराला तब्येत विचारली की वऱ्हाडात एक ठरलेलं उत्तर येतं : "मले काय धाड भरली?" प्रश्नाला प्रश्नानं दिलेलं हे उत्तर उद्धट नसतं. मी चालतोफिरतो आहे, दवाखान्याची पायरी चढायची वेळ आलेली नाही आणि हा विषय इथंच मिटव, अशा तीन गोष्टी त्यात एका दमात सांगून होतात. तरुण माणसं स्वतःची तब्येत कशी जोखतात यावर गेल्या चार दशकांत जगभर भरपूर लिहिलं गेलं. त्या सगळ्याचा आढावा घेताना मला हे एक वाक्य सारखं आठवत राहिलं, कारण अभ्यासकांच्या बऱ्याच प्रश्नावल्या याच वाक्यापाशी येऊन अडतात.

आढाव्यासाठी नालवाडी घेतली, त्याला कारण आहे. वर्ध्याहून नागपूर रस्त्याला लागलं की शहर कुठं संपलं आणि नालवाडी कुठं लागली हे आता कळत नाही. दहा-बारा किलोमीटरच्या परिघात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एक सेवाग्रामचं, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेलं. दुसरं सावंगी मेघेचं. सेवाग्रामला एमबीबीएसला आलेली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात मुक्काम करते, घरोघर जाऊन उंच्या-वजनं घेते. तेव्हा डॉक्टर लांब आहे किंवा आम्हाला कोणी विचारत नाही, ही सबब या भागात चालत नाही. आरोग्याचं अंतर रस्त्याच्या किलोमीटरमध्ये मोजायचं नसेल तर कशात मोजायचं, हे पाहायला अशी जागा बरी.

शिवाय तब्येत जोखण्याचा एक जुना धडा याच गावात घडला. विनोबा पवनारला गेले ते १९३८च्या मार्चमध्ये. त्याआधीची पाचएक वर्षं त्यांचा मुक्काम नालवाडीला होता. सूत कातणाऱ्या मजुराला दिवसाच्या मजुरीत पोटभर खाता येतं का, हे पाहायला ते स्वतः रोज आठ-आठ तास कातत आणि तेवढ्याच कमाईत भागवत. शरीर खंगत गेलं, वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे चाळीस किलो. काम मात्र चालू होतं आणि काम चालू आहे तोवर प्रकृतीचा विचार करायचं त्यांना कारण दिसत नव्हतं. गांधीजींनी हटकलं तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी ते धाम नदीकाठच्या पवनारला गेले, डोक्यातले सगळे विचार बाजूला ठेवले आणि शेतात खणायला लागले. आधी काही मिनिटं, मग वाढवत वाढवत तासन्‌तास. वजन चाळीस पौंडांनी वाढलं. विनोबा तेव्हा बेचाळिशीत होते, तरुण म्हणावेत असे नव्हते. पण "काम होतं आहे ना, मग ठीक आहे" हा त्यांचा निकष आणि पानठेल्यावरच्या पोराचा निकष यांत मला फारसा फरक दिसत नाही. खुद्द गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यातला निरोगी माणूसही असाच ओळखायचा आहे : दहा-बारा मैल सहज चालेल, अंगमेहनत करून थकणार नाही, साधं अन्न पचवेल. नाडी, रक्त, लघवी या यादीत येत नाहीत.

आता अभ्यासकांकडे वळू. त्यांचं आवडतं हत्यार एकच प्रश्न आहे : एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे? उत्तरं पाच, उत्कृष्टपासून वाईटपर्यंत. प्रश्न इतका भाबडा की त्यातून काही निघेल असं वाटू नये. पण कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात पासष्टीपुढच्या तीन हजारांवर लोकांना तो विचारला गेला आणि पुढं सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. "वाईट" म्हणणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका "उत्कृष्ट" म्हणणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला, आणि डॉक्टरी नोंदी जमेस धरूनही तो फरक उरला. हे १९८२ साली प्रसिद्ध झालं. १९९७मध्ये अशा २७ अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला गेला, तेव्हाही निष्कर्ष साधारण तोच. माणसाला आपल्या शरीराचं आतून काहीतरी कळतं आणि ते कागदावर येत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पण हे बहुतेक म्हाताऱ्यांचं. विशीतली माणसं सुदैवानं इतकी कमी मरतात की त्यांच्या उत्तराचा खरेखोटेपणा मृत्यूवरून तपासता येत नाही. मग त्यांच्या "मस्त"चा अर्थ काय? युरोप आणि कॅनडा मिळून चाळीसहून अधिक देशांत दर चार वर्षांनी ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना हा प्रश्न विचारतात. मुली मुलांपेक्षा कमी गुण देतात आणि वय वाढतं तशी ही दरी रुंदावते, हे तिथं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मुलं तब्येत म्हणताना रोग मोजत नसावीत. झोप, घरातली भांडणं, शाळा, आरशातला चेहरा, मैदानावरचा दम हे सगळं एकत्र करून ती एक आकडा सांगत असावीत. आपल्याकडे हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो ४५ वर्षांवरच्यांना, ७० हजारांहून अधिक लोकांच्या सर्वेक्षणात, २०१७-१८च्या सुमारास. तरुणांच्या बोटाला मात्र आपण सुई टोचतो.

आणि विचारायचं ठरवलं तरी मराठीत कसं विचारणार? पाच पायऱ्यांचं भाषांतर करताना मधल्या पायरीवर "बरी" येते आणि तिथंच घोटाळा होतो. "बरं आहे" म्हणजे छान चाललंय. "बरी आहे" म्हणजे बेताचीच. "बरा झाला" म्हणजे आजारातून उठला. "आता बरं आहे" म्हटलं की काल काहीतरी झालं होतं. एकाच शब्दाला स्वर बदलून चार अर्थ. सगळ्यात वरच्या पायरीवरचं "उत्कृष्ट" तर कोणी बोलणारच नाही, दृष्ट लागेल. आणि "स्वस्थ" हा संस्कृतातला नेमका शब्द आपण मराठीत पोराला गप्प बसवायला वापरून टाकला : स्वस्थ बस.

प्रश्नाच्या या भोळेपणावर सगळ्यात टोकदार बोट ठेवलं ते अमर्त्य सेन यांनी. १९४४ साली, बंगालच्या दुष्काळानंतर लगेच, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये विधुरांना आणि विधवांना प्रकृती विचारली गेली. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी ती ठीक नसल्याचं सांगितलं, विधवांपैकी अवघ्या २.५ टक्क्यांनी. त्या काळच्या विधवेची अवस्था पाहता हे आकडे उलटे असायला हवे होते. पुढं सेन यांनीच केरळ आणि बिहारची तुलना केली : आयुर्मान लांब ते केरळचं, पण आजारी असल्याचं सांगणारेही केरळातच जास्त, बिहारी माणूस लवकर मरतो आणि तक्रार करत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत गेल्या पंधरा दिवसांत आजारी होतो असं ग्रामीण भारतात ६.८ टक्के लोकांनी सांगितलं, शहरांत ९.१ टक्क्यांनी. खेडं शहरापेक्षा धट्टंकट्टं आहे असं यावरून म्हणायचं का? आजार म्हणून ओळखायलाही थोडी सुस्थिती लागते, एवढंच मी म्हणेन.

आपल्या विदर्भाचा पुरावा याहून जवळचा आहे आणि माझ्या मते या सगळ्या वाङ्मयातला सर्वांत बोलका. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि जानेवारी १९८९च्या 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध केलं. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या निम्म्याहून थोड्या जास्त, तपासणीत रोग निघाला ९२ टक्के स्त्रियांमध्ये. या दोन आकड्यांमधल्या बायका खोटं बोलत नव्हत्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं त्यांनी आईकडून आणि आईनं आजीकडून ऐकलं होतं. जे सगळ्यांनाच आहे त्याला आजार कोण म्हणेल? तब्येतीचा अंदाज माणूस पुस्तकातल्या आकड्याशी ताडून घेत नाही, शेजारणीशी ताडून घेतो.

पंडुरोगाचं, म्हणजे बोलीतल्या "रक्त कमी"चं, हेच होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत तो आकडा ४८ होता. देशभरातल्या १५ ते १९च्या मुली घेतल्या तर ५९.१ टक्के. बोटातून घेतलेल्या थेंबावर एवढा भरवसा ठेवावा का, यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि तो रास्तही आहे. पण आकडा दहानं खाली आणला तरी वर्गातल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या मुलीचं रक्त कमी, हे उरतंच. जिना चढताना धाप लागली तरी ती मैत्रिणीलाही लागते, म्हणून ती धाप लक्षण ठरत नाही. सेवाग्रामच्या सामुदायिक आरोग्य विभागानं वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या किशोरवयीन मुलांची उंची-वजनं घेतली, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले : निम्म्याहून थोडी जास्त मुलं प्रमाणापेक्षा कृश. त्यांतल्या कितीजणांना आपण कृश आहोत असं वाटत होतं? रांगेत पुढचा तसाच, मागचाही तसाच.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, लोह आणि फॉलिक ॲसिडची. तिची गत सांगण्यासारखी आहे. गोळी घेतली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं. म्हणजे चांगली असलेली मुलगी गोळीनं आजारी पडली, असा हिशेब घरात होतो, आणि त्यांच्या निकषानं तो बरोबरच असतो. काळं का होतं हे एका वाक्यात सांगता येतं. ते वाक्य गोळीसोबत दिलं जातंच असं नाही.

इथवर आजार असून बरं वाटण्याच्या गोष्टी झाल्या. उलटी चूकही तितकीच सर्रास होते आणि तिचं मूळ मला आपल्या भाषेत दिसतं. वयात आलेल्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होतं. या अगदी निरोगी घटनेला आपण नाव ठेवलं "स्वप्नदोष". नावातच दोष. मग "धातू जाते" म्हणून पोरगं खंगत बसतं, अंगात ताकद नाही म्हणतं, आणि एसटी स्टँडच्या मुतारीतल्या भिंतीवर ज्यांचे फोन नंबर रंगवलेले असतात त्यांच्याकडे पैसे घेऊन जातं. या प्रकाराला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६०मध्ये "धात सिंड्रोम" असं नाव दिलं, तेव्हापासून मानसोपचाराच्या पुस्तकांत तो आहे. मुलींचं पाहा. पाळी आली म्हणजे "अडचण आली", "बाहेरची झाली", आणि आता शहरी होऊन "प्रॉब्लेम आला". महिन्याच्या महिन्याला नेमानं येणारी, तब्येत धड असल्याची खूण असलेली गोष्ट ही अडचण. आणि जी खरी अडचण, चक्कर, अंधारी, धाप, तिला नाव "थोडा विकनेस". दोष नसलेल्याला दोष आणि दोषाला विकनेस म्हणणारी भाषा घेऊन पोरांनी स्वतःची तब्येत अचूक सांगावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

भाषा बदलली की फरक पडतो, याचा पुरावा नालवाडीपासून फार लांब नाही. आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मुलींशी पाळीवर मोकळं बोलण्याचा उपक्रम केला, २००७ साली त्यावर लिहिलं. पाळी येण्याआधी तिच्याबद्दल माहीत असलेल्या मुली ३५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेल्या. तयार पॅड वापरणाऱ्या ५ वरून २५ वर. जुनाच कपडा पुन्हा वापरणाऱ्या ८५ वरून ५७ वर. चमत्कार नाही, निम्म्याहून अधिक मुली कपड्यावरच राहिल्या. पण आईनं जे सांगितलं नाही ते गावातच, ओळखीच्या माणसाकडून ऐकता आलं. गडचिरोलीचं तरुणांसाठीचं 'तारुण्यभान' शिबिरही याच वाटेनं जातं.

मुलांचा स्वतःचा असा एक आरोग्यमापक आहे आणि तो कुठल्याच सर्वेक्षणात नाही : ग्राउंड. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे अंधारातच रस्त्याच्या कडेनं धावताना विदर्भात कुठल्याही गावाबाहेर दिसतात. त्यांना तब्येत आकड्यांत पाठ असते. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९, फुगवून पाच जास्त. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर वीसपैकी वीस. मुलींना उंची १५५ आणि धाव आठशे मीटर. टेप छातीभोवती गुंडाळला की पोरगं श्वास ओढतं, मान ताठते, गळ्याच्या शिरा उठतात आणि बाजूचा मित्र आकडा बघून सांगतो, "अजून अर्धा." इतकं नेमकं, इतकं प्रामाणिक आत्मपरीक्षण मी कुठल्या आरोग्य शिबिरात पाहिलेलं नाही. वेळ सहा सेकंदांनी वाढली तर का वाढली याची चिकित्सा होते : झोप कमी झाली, काल लग्नात तेलकट खाल्लं, ताप येऊन गेला. उंचीत बसत नसलेला मात्र पहिल्याच दिवशी स्वतःला "अनफिट" ठरवून मोकळा होतो. निरोगी असून अनफिट, आयुष्यभरासाठी.

पण याच ग्राउंडवरून परत येताना वाटेत पानठेला लागतो. खर्रा कसा करतात हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन तळहातानं दाबून दाबून घोटतात, मिश्रण ओलसर, एकजीव होईपर्यंत. मग पन्नीला गाठ. एक पन्नी दिवसभर खिशात. वर्ध्याच्या ग्रामीण किशोरांवर २००८ साली आलेल्या अभ्यासात गेल्या महिन्याभरात तंबाखूचा कोणता ना कोणता प्रकार घेतलेली मुलं सुमारे ६८ टक्के होती, मुली १२ टक्के. राज्यात गुटखाबंदी त्यानंतर, २०१२ साली आली. खर्रा मात्र कारखान्यात बनत नाही, समोरच बनतो. वर्धा जिल्ह्यात जवळपास अर्धशतक दारूबंदी आहे, त्यामुळे "मी दारू पीत नाही" हे इथल्या मुलाचं निर्व्यसनीपणाचं प्रमाणपत्र. खर्रा व्यसनात धरलाच जात नाही. दम लागत नाही, तोंडाला वास नाही, वेळ ५ मिनिटं २० सेकंद. मग एक दिवस ठेचा झोंबायला लागतो. मग गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, तोंडात मावत नाही, फोडून खावं लागतं, आणि मित्र हसतात. दंतवैद्य तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतो, दोनच जातात. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी कडक झालेली असते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. हे होत असताना दुखलं काहीच नाही.

न दुखणाऱ्या गोष्टींचा विदर्भातला आणखी एक मोठा कप्पा म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक. "एएस" असलेल्याला, म्हणजे एकच जनुक सदोष असलेल्याला, काही होत नाही, तो फक्त वाहक. "एसएस"ला सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात, रक्त चढवावं लागतं. केंद्रानं जुलै २०२३मध्ये मोहीम सुरू केली आणि चाळिशीच्या आतल्यांच्या तपासणीला जोर आला. पण तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर धडधाकट एएस मुलगी घरात आजारी ठरते, कारण लग्न जुळवताना ते कार्ड दाखवायचं की लपवायचं हा प्रश्न येतो. कळण्यानं तब्येत बदलली नाही, तब्येतीची किंमत बदलली. दोन एएस एकत्र येऊ नयेत यासाठी काढलेलं कार्ड एकट्या मुलीच्या नावावर डाग म्हणून लागतं. या माहितीचा भार तरुण माणूस कसा वाहतो, यावर जितकं लिहायला हवं तितकं लिहिलं गेलेलं नाही.

मनाच्या आरोग्याबद्दल लवकर आटपतो, कारण आकडेच तुटपुंजे आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. ज्या बारा राज्यांत ती झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता. प्रश्नावलीत "उदास" असतं, पोरं "टेन्शन" म्हणतात, "डोकं काम नाही करत" म्हणतात. शेतकरी आत्महत्यांवरच्या २००६च्या पंतप्रधान पॅकेजातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. त्या साली ज्यांचं बालपण चाललं होतं ती मुलं आज पंचविशीत आहेत. १४४१६ या टेली-मानसच्या मदत क्रमांकावर फोन करायला आधी आपल्याला काही झालंय असं वाटावं लागतं.

सरकारचं म्हणाल तर कागद वाईट नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४मध्ये आला. पोषणापासून मनापर्यंत आणि व्यसनापर्यंत सहा विषय त्यात आहेत, गावातलीच मुलंमुली "साथिया" म्हणून निवडायची आहेत, रुग्णालयांत "मैत्री" नावाची केंद्रं आहेत. माझी हरकत एवढीच, की मैत्रीचं दारही रुग्णालयातच उघडतं. ज्याला धाड भरलेली नाही तो तिथं जातोच कशाला? त्यापेक्षा ग्राउंडवर टेप घेऊन उभ्या असलेल्या मित्राला तीन बोटांची परीक्षा शिकवणं सोपं पडेल, आणि मुलींना "तब्येत कशी आहे" विचारण्याऐवजी "पाण्याची गुंडी उचलली की अंधारी येते का" असं विचारणं. कामावरून तब्येत जोखायची ही गांधी-विनोबांची आणि पानठेल्यावरच्या पोराची जुनी रीत मोडीत काढायची गरज नाही. प्रश्न तिच्याच भाषेत विचारायचे.

फक्त काही ठिकाणी ती रीतही पुरत नाही. नालवाडीला लागूनच दत्तपूर आहे. मनोहर दिवाण या विनोबांच्या तरुण सहकाऱ्यानं १९३६मध्ये तिथं कुष्ठसेवा सुरू केली, मिशनरी सोडून दुसरं कोणी या कामाला हात लावत नव्हतं तेव्हा. आजही गावोगाव कुष्ठरोग शोधायला आशाताई येतात आणि अंगावर चट्टा आहे का विचारतात. आहे, पाठीवर. दुखतो? नाही. खाजतो? नाही. मग मुलाला डोळे मिटायला सांगतात आणि पेनाच्या टोकानं हलकेच टेकवत विचारतात, कुठं लागलं ते बोट लावून दाखव. खांद्याला टेकवलं, तो दाखवतो. दंडाला टेकवलं, दाखवतो. चट्ट्याला टेकवलं. डोळे मिटून, बोट हवेत धरून तो पुढच्या स्पर्शाची वाट पाहत उभा असतो.